रोगी उपाशी आणावा

माझ्या एकाही रोग्यानं मला कधी 'इथं दुखतंय' असं सांगितलं नाही. जे काही सांगितलं ते मालकांनी, आणि त्यातलं निम्मं खोटं. "कालपर्यंत ठणठणीत होता साहेब," हे वाक्य मी वऱ्हाडातल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यांत इतकं ऐकलं आहे, की काल म्हणजे गेला महिना हे आपोआप कळायला लागलं. लोक आम्हाला ढोर-डॉक्टर म्हणत. माझं लग्न ठरताना आमच्या मध्यस्थानं मुलीकडच्यांना नुसतं 'डॉक्टर' एवढंच सांगितलं होतं आणि पहिला शब्द सोयीस्करपणे गाळला होता. सासऱ्यांना तो लग्नानंतर कळला. पुढे त्यांची म्हैस अडली तेव्हा मात्र त्यांनी मला रात्रीच्या गाडीनं बोलावून घेतलं आणि त्यानंतर त्या शब्दाबद्दल त्यांची काही तक्रार उरली नाही.

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत. बदल्या, बढत्या आणि वरिष्ठांच्या भेटी यांत कुणाला रस असेल असं मला वाटत नाही. मी चाकूच्या कामाबद्दल लिहितो. जनावराचं ऑपरेशन म्हटलं की मालकाच्या डोळ्यांसमोर एक कसाई आणि एक डॉक्टर आलटून पालटून उभे राहतात. प्रत्यक्षात काय होतं ते त्याला कुणी सांगत नाही. मीही सुरुवातीला सांगत नसे. ते मी एका कुत्र्यामुळे शिकलो.

खामगावच्या एका कापसाच्या अडत्यांचा मोती नावाचा कुत्रा होता. पोटाखाली लिंबाएवढी गाठ झालेली. काम सोपं होतं. क्लोरोफॉर्मचा बोळा नाकावर धरायचा, गाठ काढायची, टाके घालायचे. पण शेठजी हट्टाला पेटले. म्हणाले, मोती परक्या माणसांत घाबरतो, मी त्याचा पंजा धरून उभा राहणार. त्या वेळी मला मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नसे. राहू दिलं. क्लोरोफॉर्मचा गोड वास पसरला आणि मी पहिली चीर दिली न दिली तोच शेठजी पगडीसकट खाली आले. मोती शांत झोपलेला आणि आमचा सगळा दवाखाना शेठजींच्या तोंडावर पाणी मारतोय. गाठ मी एकट्यानं काढली.

खरी पंचाईत पुढे झाली. भुलीतून उठताना कुत्रा विव्हळतो, हवेत पाय मारतो, झोकांड्या खातो, आणि थोडा वेळ धन्याला ओळखत नाही. ती नशा असते, उतरते. शेठजींना हे ठाऊक नव्हतं. मोती त्यांच्यावर गुरगुरला आणि शेठजी लहान मुलासारखे रडायला लागले. "माझ्या मोतीचं डोकं फिरवलंत तुम्ही!" त्यांनी माझी तक्रार नागपूरपर्यंत पोचवायची धमकी दिली. संध्याकाळी मोतीनं शेपटी हलवत त्यांचा हात चाटला तेव्हा शेठजी ओशाळले आणि मी दोन नियम केले. पहिला, चाकू धरण्याआधी मालकाला सगळं सांगायचं. कुठं कापणार, किती रक्त जाणार, जनावर कसं उठणार, काहीही झाकायचं नाही. दुसरा नियम, ऑपरेशन चालू असताना मालक दाराबाहेर. मग तो कुणी का असेना. हे दोन्ही नियम मी नोकरीभर पाळले. दुसरा एकदाच मोडला, आणि त्याचीच ही हकीगत.

तेव्हा मी बुलढाण्याला होतो. धाडच्या बाजाराच्या दिवशी औषधांची पेटी घेऊन बैलांच्या दमणीतून तिकडे जायचं आणि लिंबाखाली बसायचं, हा माझा शिरस्ता. पलीकडे मोगलाई सुरू होते, त्यामुळे निजामाच्या मुलखातली गुरंसुद्धा तिथं येत. श्रावण नुकताच लागला होता. गर्दी ओसरल्यावर एक माणूस पांढरा, उंच शिंगांचा बैल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. तुळशीराम त्याचं नाव. गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा होता आणि विहिरीवर मोट चाले. बैलाचं नाव हौश्या.

"निस्ता डोकं झटकून राह्यला साहेब," तुळशीराम म्हणाला. "एक डाग देला, पन फरक नाई."

हौश्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार सुकलेली होती, फक्त डाव्या. डावं शिंग किंचित बाहेर कललेलं होतं. मी बोटांनी दोन्ही शिंगांवर टिचक्या मारल्या. उजवं पोकळ वाजलं, डावं भरीव. बुडाशी दाबलं तर हौश्यानं मान काढून घेतली.

वऱ्हाडातल्या पांढऱ्या, लांब शिंगांच्या बैलांना हा रोग पुष्कळ होतो. शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातून नाकापर्यंत पोचते. त्या पोकळीत बुडाशी एक गाठ उगवते, कर्करोगाची. शिंग आतून कुजतं, कलतं, शेवटी लोंबायला लागतं. मग त्यात अळ्या पडतात आणि बैल हाल होऊन मरतो. औषध नाही. शिंग बुडातून काढायचं आणि आतली सगळी घाण खरवडून टाकायची, हा एकच उपाय. तोही लवकर केला तर.

हे सगळं मी तुळशीरामला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बैलाचा कासरा हातात गुंडाळला.

"पोळा आला तोंडावर अन् तुमी शिंग काढतो म्हंता?" तो म्हणाला. "भुंडा बैल तोरनाखाली कसा नेऊ मी? गाव हासन ना साहेब."

"मेलेला बैल तोरणाखाली कसा नेशील?"

हे मी बोलायला नको होतं बहुतेक. तो बैल वळवून निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना मला चीड आली आणि वाईटही वाटलं. असे कितीतरी बैल माझ्यासमोरून निघून गेले आहेत आणि परत आले ते वेळ टळून गेल्यावर. त्यांचं दुःख मला अजून आहे. माझा हात चांगला होता हे मी आज न लाजता सांगतो, पण चांगल्या हाताला वेळेवर जनावर मिळावं लागतं.

पुढच्या बाजाराला तुळशीरामची बायको आली. गंगूबाई. पदर कमरेला खोचलेला, हातात हौश्याचा कासरा. तुळशीराम चार पावलं मागे, जणू तो दुसऱ्याच कुणाबरोबर आला आहे. डावं शिंग आता चांगलंच झुकलं होतं.

"यायचं काई ऐकू नका तुमी," गंगूबाई म्हणाली. "हौश्या आमच्या मळ्याचा धनी हाय. पानी त्यानं काढलं म्हून पोरं मोठी झाली. शिंग जाऊ द्या, पन त्याले वाचवा. वाचन ना?"

"वेळेत आणलंय तुम्ही. वाचेल असं मला वाटतं. पण जे सांगतो ते अक्षरशः पाळायचं."

मी दिवस नेमून दिला. आदल्या संध्याकाळी बुलढाण्याला दवाखान्याच्या गोठ्यात आणून बांधायचा. आणायच्या दिवशी सकाळपासून चारा नाही, ऑपरेशनच्या सकाळी पाणीसुद्धा नाही. कारणही सांगितलं. बैलाला आम्ही दोरानं पाडतो. मानेभोवती दोर घालून छातीला आणि पोटाला एकेक वेढा द्यायचा आणि मागून ओढायचं, की बैल गुडघे टेकून आपसूक आडवा होतो. मग भुलीचं औषध. पण बैलाचं पहिलं पोट म्हणजे चाऱ्याचं कोठार. ते भरलेलं असताना बैल आडवा केला तर चारा उलटून घशात येतो आणि भुलीत असलेल्या जनावराला ठसका लागत नाही. चारा श्वासनळीत उतरतो. चाकू नीट चालतो आणि रोगी गुदमरून मरतो. दोघांनीही माना डोलावल्या.

आमच्या दवाखान्यात रहीमभाई नावाचे ड्रेसर होते. पूर्वी ते नालबंद होते, त्यामुळे बैल पाडण्यात त्यांचा हातखंडा. नेमल्या दिवशी सकाळी ते दोर घेऊन गोठ्यात गेले आणि तसेच परत आले.

"साहब, पेट तो देखो. ढोल हो गया है."

मी गेलो. हौश्याची डावी कूस तट्ट फुगली होती. बोटानं वाजवली तर बद्द वाजली. मी वाकून बघत होतो तेवढ्यात हौश्यानं माझ्या तोंडावर एक मोठा ढेकर दिला आणि जायफळाचा वास आला. गूळ, वेलची आणि जायफळ. इतक्या वर्षांत बैलाच्या तोंडाला तो वास मला पहिल्यांदाच येत होता.

"काय खाऊ घातलं याला?"

"काईच नाई साहेब. शपथ," तुळशीराम म्हणाला. तो खरंच बोलत होता. त्याला माहीत नव्हतं. गंगूबाईनं मात्र पदर तोंडाला लावला होता.

"मीच घातल्या," ती म्हणाली. "पुरनाच्या पोया. घरून बांधून आनल्या होत्या. हे तंबाकू आनाले गेले अन् मी घातल्या."

"किती?"

"टोपलंभर."

"बाई, मी काय सांगितलं होतं?"

"सांगलं होतं जी. पन पोळ्यापावतर हा राहीन का नाई राहीन, मले काय मालूम? वर्साचा सन त्याचा. उपाशीच गेला असता तर मले जलमभर घास गेला नसता. म्हून म्या त्याचा पोळा करून टाकला."

ती रडायला लागली. मला रागावायचं होतं, पण जमलं नाही. माणसं आपल्या माणसाला ऑपरेशनआधी असा घास भरवत नाहीत, कारण माणसांचे डॉक्टर त्यांना जवळ येऊ देत नाहीत. आमच्याकडे रोग्याचं आणि घरच्यांचं बिऱ्हाड एकाच गोठ्यात. खुराक बंद ठेवण्याइतकी अवघड आज्ञा शेतकऱ्याला दुसरी नाही. ज्या जनावराला त्यानं आयुष्यभर आपल्याआधी जेवू घातलं, त्याच्यासमोर रिकामे हात घेऊन बसायला त्याचं मन धजत नाही.

मी जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन पाजून हौश्याचं पोट उतरवायला लावलं आणि सांगितलं, आज ऑपरेशन नाही. उद्या.

तुळशीरामनं यातून वेगळाच अर्थ काढला. "देवाच्याच मनात नाई," असं पुटपुटत तो बैल सोडायला लागला. "चाल हौश्या. जे व्हाचं ते घरी होईन." गंगूबाईनं कासरा धरला, त्यानं ओढला. त्या ओढाताणीत हौश्या बिचकला, त्यानं मान झटकली आणि डावं शिंग खांबावर आदळलं. आवाज ओल्या लाकडाचा आला. शिंग बुडापाशी मोडून गालावर लोंबायला लागलं आणि रक्ताची धार हौश्याच्या डोळ्यावरून तुळशीरामच्या सदऱ्यावर पडली.

आता उद्या नव्हता. आडवाही पाडता येत नव्हता, कारण पोट पुरणानं भरलेलं. भुलीचं औषधही देता येईना, कारण गुंगीत तो स्वतःच आडवा झाला असता. एकच वाट उरली होती. उभ्यानं. लाकडी खोड्यात अडकवायचं, शिंगाभोवती बधिर करायच्या सुया द्यायच्या आणि उरकायचं. सुई कातडी बधिर करते, पण हाडाच्या आत पसरलेल्या रोगापर्यंत सगळी पोचत नाही. बैलानं ऐन वेळी मान फिरवली तर करवत डोळ्यात जाणार. रहीमभाई नाकातली वेसण धरतील, पण एवढ्या ताकदीच्या बैलाला नुसती वेसण पुरत नाही.

मी तुळशीरामकडे वळलो. "मोट उपसून वर आली आणि विहिरीकाठच्या थारोळ्यात पाणी पडायला लागलं, की बैल धावेच्या उताराच्या टोकाशी उभा राहतो ना? मोट रिकामी होईपर्यंत?"

"राह्यतो ना."

"कशानं राहतो?"

तो गोंधळला. "मी सांगतो त्याले. बोलून राह्यतो त्याच्यासंग."

"मग आज बोल. माझं संपेपर्यंत बोलत राहा. त्याच्या तोंडासमोर उभा राहा आणि माझ्या हाताकडे अजिबात बघू नकोस. पडलास तर मी तुला उचलणार नाही, आधी बैल."

खामगावचे शेठजी मला त्या क्षणी पगडीसकट आठवले. पण शेठजींचा मोतीला त्या वेळी काही उपयोग नव्हता आणि हौश्याला तुळशीरामशिवाय दुसरा उपाय नव्हता. मी नियम मोडला आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. आधी मी दोघांना भराभर सांगून टाकलं, की करवतीचा आवाज वाईट येईल. रक्ताची चिळकांडी उडेल, ती मी तापल्या लोखंडानं बंद करीन. सगळी घाण निघाली की कपाळात भोक दिसेल, आणि हौश्या त्यातून श्वास सोडेल. नाकातून सोडतो तसाच. घाबरायचं नाही.

तुळशीराम खोड्यासमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मी करवत लावली. हौश्याच्या कातडीवर एक थरकाप मानेपासून शेपटीपर्यंत गेला आणि त्यानं मागचा पाय उचलला. तेव्हा तुळशीरामला आवाज फुटला.

"थांब बावा. पानी वतून राह्यलं. उभा राह्य माया राजा. वतू दे पानी, वतू दे."

हौश्यानं उचललेला पाय खाली ठेवला.

पुढचा सगळा वेळ तो तेच बोलत होता. कधी गाण्यासारखं, कधी नुसतं पुटपुटत. रक्ताच्या चिळकांड्या त्याच्या तोंडावर उडत होत्या आणि तो हौश्याला सांगत होता, की वांग्याचा वाफा भिजला, आता मिरचीचा, आता कांद्याचा, थांब, अजून पानी वतून राह्यलं. मी शिंग सोडवलं, डागणी लावली, आतली सडकी गाठ चमच्यानं खरवडून काढत राहिलो. दोनदा हौश्या कण्हला. कुठलाही बैल शुद्धीवर असताना माझ्यासाठी असा उभा राहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

शेवटची गाठ निघाली आणि कपाळातल्या भोकातून फस्सकन वारा बाहेर आला, रक्ताच्या बुडबुड्यांसह.

"साहेब!" तुळशीराम ओरडला. सांगितलेलं सगळं तो विसरला होता. "साहेब, याचा जीव चालला इकून!"

"जीव नाही बे, श्वास हाय तो!" मीही त्याच्या बोलीत ओरडलो. "वाट मोकळी झाली त्याची. बोल तू. बोलत राह्य!"

"थांब बावा," तुळशीराम म्हणाला, आणि आता तो उघड रडत होता. "झालं. रिती झाली मोट. झालं."

भोकात आयोडीनची पट्टी ठासून भरली. वरची पट्टी बांधायला आधार हवा असतो, म्हणून ती उजव्या शिंगाला वेढे घेऊन बांधतात. ज्याचं एक शिंग जातं त्याला दुसरं असं उपयोगी पडतं. हौश्या खोड्यातून बाहेर आला, झोकांडी न खाता चालत गोठ्यात गेला आणि दावणीत तोंड घालून काही आहे का बघायला लागला. गंगूबाईनं माझ्याकडे बघितलं.

"आज फक्त पाणी," मी म्हणालो. "आणि बाई, तुमची टोपली रहीमभाईंच्या ताब्यात द्या."

नंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण असतात, हे मालकांना पटत नाही. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसतात, कावळे टोचतात, शेजारी शेण आणि हळद घेऊन येतात. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. थोडे दिवस नाकातून रक्तमिश्रित पाणी गळतं, त्याला भ्यायचं नाही, पण घाण वास आला तर त्याच दिवशी यायचं. खांद्यावर जू ठेवायचं नाही. गंगूबाई बोरीची काटकी घेऊन दिवसभर हौश्याशेजारी बसायची आणि कावळ्यांवर तोंडसुख घ्यायची. धाडच्या बाजाराला जाताना मी मळ्यावर पट्टी बदलायला गेलो की भोक दर खेपेला लहान झालेलं दिसे. हा रोग कधीकधी पुन्हा उगवतो हेही मी त्यांना सांगितलं. तुळशीराम म्हणाला, "उगवू दे. तवा पाहून घेऊ. बोलाले मी हाओच."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं दवाखान्यात हजर. मला वाटलं काही बिघडलं. तुळशीराम नुसताच दारात उभा, डोळे जमिनीवर. गंगूबाई पुढे आली. तिच्या हातात लोणी आणि हळद कालवलेली वाटी. खांदेमळणीची. वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण देतात. मी काही विचारायच्या आत तिनं माझ्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवर त्या हळदीची बोटं ओढली आणि हात जोडून बैलाला म्हणतात तेच शब्द मला म्हटले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रहीमभाई हसत हसत खुर्चीवरून उठले. "साहब, अब तो पक्के ढोर-डाक्टर हो गये!"

"हासू नका भाऊ," गंगूबाई गंभीरपणे म्हणाली. "त्या रोजी हौश्याले मी बिनआवतनाचंच जेवू घातलं. म्हून घात होत होता. आता साऱ्याईले रीतीनं."

मी गेलो. गावाच्या वेशीत तोरण बांधलं होतं आणि खाली बैलांची रांग लागली होती. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झुली. हौश्या रांगेत मधोमध उभा होता. उजवं शिंग हिंगुळानं लाल केलेलं, डाव्या बाजूला पट्टीवर पळसाच्या पानांचा तुरा बांधलेला. कुणीतरी मागून हसत म्हणालं, "तुळशीरामभाऊ, बैल अर्धाच आनला काऊन?"

तुळशीराम वळला. पोळ्यात गाव हसेल म्हणून बाजारातून बैल घेऊन निघून गेलेला हाच माणूस.

"शिंग एक हाय," तो मोठ्यानं म्हणाला, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं. "बैल पुरा हाय."

तोरण तुटलं, बैल घरोघर गेले. मळ्यात गंगूबाईनं हौश्याचे पाय धुतले, ओवाळलं आणि त्याच्या पुढ्यात पुरणपोळ्या ठेवल्या. एक, मग आणखी एक, मग टोपलीच पुढे सरकवली आणि माझ्याकडे चोरून पाहिलं. मी हौश्याच्या शेजारीच पाटावर बसलो होतो. त्यानं मान वळवली आणि माझ्या तोंडावर ढेकर दिला. जायफळाचा वास आला. या खेपेला मी त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला नाही.